विजेची हत्यारे आणि घरची होडी

(विश्वकर्मा जयंतीच्या निमित्ताने भरलेल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्षीच्या संमेलनात मी काही बोलावे असे चिटणीसांनी सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक प्राथमिक शिक्षक. चौतीस वर्षे मुलांकडून पाढे म्हणवून घेतले, त्यापलीकडे माझ्या विद्वत्तेची धाव नाही. आपल्या संमेलनात समाजाची प्रगती, शिक्षणाचे महत्त्व, लग्नातील अनाठायी खर्च अशा विषयांवर व्याख्याने होतात व ती व्हावीतही. परंतु त्या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. तेव्हा चिटणीस म्हणाले, "मास्तर, सेवानिवृत्तीनंतर तुम्ही घरी होडी बांधलीत असे कानावर आले आहे. तिच्याविषयी बोला; कोणती विजेची हत्यारे उपयोगी पडली ते सांगा. आपली पोरे हीच हत्यारे घेऊन कामाला जातात, त्यांना ऐकावेसे वाटेल." हे मात्र मला पटले. सबब आज मी आपला थोडा वेळ घेणार आहे.

पुढच्या रांगेतील मंडळींनी पाहिलेच असेल की माझ्या डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशी संपते. तिची हकिकत ओघाने येईल.

आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते कल्याणच्या खाडीवर होड्यांची डागडुजी करीत. रेतीबंदरावर तेव्हा रेतीचे पडाव लागत. पाण्यात बुडी मारून हातपाटीने रेती काढणारी माणसे आणि ती वाहून आणणारे पडाव, असा तो धंदा होता. पडावाची फळी कुजली, वांक मोडला, की आबांना बोलावणे येई. वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरे, गुण्या, खतकस आणि भोके पाडण्याचा सामता, एवढा त्यांचा संसार एका गोणपाटात मावे. सामता आजच्या मुलांनी पाहिला नसेल. धनुष्यासारख्या काठीला दोरी बांधून ती लाकडी दांड्याभोवती वेढायची आणि धनुष्य पुढेमागे ओढायचे, म्हणजे टोकाचे पाते गरगर फिरते. एका हाताने वरून दाब आणि दुसऱ्याने ओढ. ऐनाच्या फळीत दहा भोके पाडली की माणसाचा खांदा भरून येई.

मी मात्र त्या गोणपाटापासून लांब पळालो. १९७६ साली एस. एस. सी. झालो (घरात त्याला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत), पुढे डी. एड. केले, १९८४ साली नोकरीला लागलो. शाळेत कोणी वडिलांचा धंदा विचारला तर मी "लाकूडकाम" असे मोघम सांगत असे. सुतार हा शब्द जिभेवर येत नसे. आज या सभेत हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही, पण तेव्हा तसे होते खरे.

वास्तविक लाज वाटावी असे त्यात काय होते? आपण राहतो ती भूमीच होड्यांची आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख येतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या आश्रयाने मराठी आरमाराचा आरंभ झाला. दुर्गाडीचा किल्ला त्याची साक्ष म्हणून अजून उभा आहे. तिकडे मुंबईच्या गोदीत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या वंशजांनी मलबारी सागवानाची जहाजे बांधली. त्यांपैकी 'त्रिंकोमाली' हे १८१७ साली पाण्यात सोडलेले जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. विजेचे एकही हत्यार जगात नव्हते तेव्हाची ही कामे. वाकस चालविणारे जे शेकडो हात त्यामागे होते त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. असो.

आता मूळ विषयाकडे वळतो.

विजेवर फिरणारे हातातले ड्रिल प्रथम जर्मनीत श्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली तयार झाले. ते अवजड असे व दोन्ही हातांनी पेलावे लागे. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबण्याचा घोडा ही आज सर्वत्र दिसणारी घडण अमेरिकेतील ब्लॅक आणि डेकर या दोघांची. तिचे पेटंट त्यांना १९१७ साली मिळाले. वळणे कापणाऱ्या जिगसॉची गोष्ट तर मोठी मौजेची सांगतात. आल्बर्ट काउफमान नावाच्या स्वित्झर्लंडमधील एका माणसाने १९४६ साली बायकोच्या शिवणयंत्रातली सुई काढून तिच्या जागी करवतीचे पाते बसविले, आणि त्यातून हे यंत्र निघाले. बायको काय म्हणाली ते मात्र इतिहासाने नोंदविलेले नाही! जपानातील माकिता कंपनीने विजेचा रंधा बाजारात आणला १९५८ साली. म्हणजे ही सगळी यंत्रे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हयातीतली. आपल्या घरात ती शिरली मात्र फार उशिरा.

आमच्या घरात पहिले ड्रिल १९८८ साली आले. पगाराच्या थकबाकीची काही रक्कम हाती पडली होती. मुंबईस नागदेवी स्ट्रीटला जाऊन मी ते विकत घेतले आणि मोठ्या ऐटीने आबांसमोर ठेवले. धंदा करणार नव्हतो. पण आबांच्या खांद्याला आराम मिळेल असे मनात होते. आबांनी ते उलटसुलट करून पाहिले, ऐनाचा एक तुकडा घेतला आणि घोडा दाबला. क्षणभरात धूर निघाला, जळक्या लाकडाचा वास अंगणभर पसरला. आबा म्हणाले, "मास्तर, हे भोक पाडत नाही, जाळतंय." (मला नोकरी लागल्यापासून ते मला मास्तरच म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधी कळले नाही.)

मी हिरमुसलो. परंतु आबांनी ते यंत्र टाकून दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरमिटाचे टोक कानशीने घासून धारदार केले, भोक पाडताना यंत्र दर अर्ध्या इंचाला मागे घेऊन आतला भुसा बाहेर काढला, आणि ऐनात स्वच्छ भोक पाडून दाखविले. त्या ड्रिलला गती कमीजास्त करण्याची सोय नव्हती; ती उणीव त्यांनी हाताने भरून काढली. "सामत्याला ठाऊक असतं भुसा कधी काढायचा, कारण ओढताना हाताला जड लागतं. याला काही जड लागत नाही, म्हणून आपण लक्ष ठेवायचं," असे ते म्हणाले. पुढे मी जी जी यंत्रे घेतली त्यांच्याविषयी आबांच्या या वाक्याहून अधिक उपयोगी असे मला कोणत्याही माहितीपुस्तकात आढळले नाही. यंत्र सुताराच्या खांद्यावरचा भार उचलते, डोळ्यावरचा नाही. किंबहुना डोळ्यावरचा भार वाढतोच.

आबा १९९७ साली वारले. गोणपाट माळ्यावर गेले.

२०१८ साली मी निवृत्त झालो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत माणसाने दिवसभर करायचे काय? एके दिवशी मोठागावच्या रेतीबंदरावर फिरावयास गेलो असता चिखलात एक जुनी होडी पालथी पडलेली दिसली. तिचा पठाण, म्हणजे खालचा कणा, अजून शाबूत होता. मी सहज वाकून एक डोळा मिटला आणि त्या कण्याच्या रेषेकडे पाहिले. आबा असेच पाहत असत. घरी आलो तो होडी बांधण्याचा निश्चय करूनच. हिने विचारले, "ठेवणार कुठे?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी टिटवाळ्यास धाकट्या भावाच्या घरामागे अंगण आहे, तेथे काम करावयाचे ठरले.

सागाच्या फळ्यांची, वांक भरलेली, सांध्यात कापूस व राळ ठासलेली आबांच्या पद्धतीची होडी बांधणे माझ्या आवाक्यातले नव्हते. परंतु प्लायवूडची होडी घरी बांधण्याची एक सोपी रीत आहे. १९६२-६३ साली इंग्लंडात एका वर्तमानपत्राच्या पुढाकाराने 'मिरर' नावाची होडी निघाली. ती सामान्य माणसाने घरी बांधावी अशीच योजना होती, आणि तशा हजारो होड्या पुढे बांधल्या गेल्या. प्लायवूडचे तुकडे कापायचे, काठाशी बारीक भोके पाडून ते तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे, आणि सांध्यावर काचतंतूची पट्टी व राळेसारखे रसायन चढवून ते पक्के करायचे. शिंप्याचे आणि सुताराचे काम एकत्र. मी सपाट तळाची, बोथट नाळेची, आठ फुटांच्या आत बसेल अशी होडी आखली. म्हणजे आठ फुटी तक्त्याला जोड देण्याचे कारण पडत नाही. प्लायवूड मात्र मरीन, आय. एस. ७१० असा शिक्का असलेलेच घेतले पाहिजे. या प्रतीच्या प्लायवूडचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. स्वस्त प्लायवूड पहिल्याच पावसाळ्यात पुस्तकासारखे उघडते.

आणि येथेच माझी चूक झाली.

जानेवारी २०१९. तक्ते कापावयाचे होते. भावाच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या पुतण्याकडे, फरशी कापण्याचे चार इंची कटर मशीन होते व त्याला लाकडाचे दातेरी पाते बसविलेले होते. आपल्यातील बहुतेक तरुणांकडे हेच असते, हे मला ठाऊक आहे. स्वस्त पडते, हलके असते, आणि फर्निचरच्या कामात दिवसभर चालते. पुढचे गार्ड काढून ठेवलेले होते. मी तक्ता दोन खुर्च्यांवर टेकविला, डाव्या हाताने दाबला आणि उजव्या हाताने यंत्र पुढे रेटले. मधोमध पोचल्यावर तक्ता आपल्याच वजनाने खाली झुकला. कापलेली फट वरून मिटली आणि तिने पाते आवळले. पाते थांबत नाही. मग यंत्रच मागे, माझ्या अंगावर उसळले. किती वेळ लागला असेल? "अरे" म्हणण्याएवढाही नाही. बोटाचे पेर तक्त्याखालच्या भुशात पडले होते. पुतण्याने ते रुमालात गुंडाळून बर्फात ठेवले, मला रिक्षात घातले. परंतु इस्पितळात ते जोडता आले नाही.

पुतण्या घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींत स्वयंपाकघरांची कपाटे बसविण्याचे काम करतो. इस्पितळातून परतताना तो म्हणाला, "काका, आमच्या टोळीत सहा जण आहेत. तिघांच्या हाताला असली खूण आहे." मी विचारले, गार्ड का काढता? तो म्हणाला, "फुटावर पैसे मिळतात. गार्ड लावला की रेघ दिसत नाही, काम मागे पडतं. ठेकेदार दुसरा माणूस बघतो." मुलांना चौतीस वर्षे नीट बसा, नीट लिहा असे सांगणाऱ्या मास्तराला त्याने दिलेले हे उत्तर मी अजून खोडून काढू शकलेलो नाही.

म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो. फरशीची चकती दगड घासते, तिला दाते नसतात; दातेरी पाते लाकडाला पकडते. ते यंत्र दगडासाठी बनविलेले असून मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेते. लाकडासाठी बनविलेली हातातली गोल करवत साधारण पाच हजारांवर चालते, आणि तिच्या खालच्या बाजूला स्प्रिंगचे झाकण असते, जे करवत लाकडाबाहेर येताच आपोआप पात्यावर मिटते. फरशीच्या कटरला असे झाकण नाही. ग्राइंडरला दातेरी पाते लावणे तर याहूनही वाईट. तसे कोणी करीत असेल त्याने ते आजच सोडावे. निदान एवढे तरी पाहावे की पात्यावर छापलेली कमाल गती यंत्राच्या गतीहून कमी नाही. तक्ता दोन टोकांना टेकवू नये. खाली थर्मोकोलचा जाड तक्ता किंवा चार-पाच सरळ पट्ट्या घालून संपूर्ण टेकवावा, म्हणजे फट मिटत नाही. पात्याची खोली लाकडाच्या जाडीहून दोन-तीन मिलिमीटरच अधिक ठेवावी. आणि हातमोजे घालू नयेत! लोकांना वाटते मोज्यांनी हात वाचेल. फिरते पाते मोज्याचा धागा धरून सगळा हात ओढते.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे मी हत्यारास हात लावला नाही. बोट बरे झाले तरी यंत्राचा आवाज ऐकला की अंगावर काटा येई. मध्ये करोनाची साथ येऊन गेली. २०२१ च्या दिवाळीनंतर ते दोन तक्ते अंगणात तसेच प्लास्टिकखाली पडलेले पाहिले, एकावर जुना डाग होता, आणि मनात आले की हे अर्धवट टाकून आपण जाऊ नये. पुतण्याला गुरू केले. वयाने तो तिशीतला, मी साठी ओलांडलेला. परंतु त्या अंगणात तो मास्तर आणि मी विद्यार्थी.

या वेळी तक्ते जिगसॉने कापले. घरी काम करणाऱ्याला माझ्या मते ड्रिलनंतर घ्यावयाचे दुसरे यंत्र हेच. ते हळू चालते, सरळ रेषेत थोडे भरकटते, परंतु होडीत सरळ रेषा असतात तरी किती? दोन्ही बाजूंच्या फळ्या एकावर एक ठेवून, शिकंज्यांनी आवळून, एकदमच कापल्या, म्हणजे डावी-उजवी तंतोतंत सारखी झाली. याचे पाते वर येताना कापते, त्यामुळे वरच्या बाजूचे पापुद्रे सुटतात; म्हणून चांगली बाजू खाली ठेवावी. टेबलावरच्या गोल करवतीत याच्या उलट, चांगली बाजू वर. हे उलटसुलट ध्यानात न राहिल्याने सनमायकाचे किती तक्ते वाया गेले असतील!

मग ड्रिल. तक्त्याच्या काठापासून एक सेंटिमीटर आत, चार-चार इंचांवर, दोन मिलिमीटरची भोके. होडी लहान, तरी ती शंभराच्या वर गेली. आताच्या ड्रिलला गती बोटाच्या दाबाने कमीजास्त होते आणि बॅटरीवर चालणारे घेतले तर वायरचे लोढणे नाही. आबांचा सामता डोळ्यांसमोर येत होता. त्यांच्या खांद्याचे तीन-चार दिवसांचे काम मी चहाच्या आधी उरकले, आणि सुख वाटण्याऐवजी का कोण जाणे, थोडे अपराध्यासारखे वाटले.

तारेने शिवल्यावर त्या सपाट तुकड्यांना एकाएकी होडीचा आकार आला. भावाची बायको ओटीवरून पाहत होती, ती म्हणाली, "अगबाई, खरंच होडी झाली!" सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून, चमच्याच्या पाठीने गोलाई दिली आणि वरून काचतंतूची पट्टी बसविली. एक धडा येथे मिळाला. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात वाटीत एकदम बरेच इपॉक्सी कालवले तर ते तापून वाटीतच दगड होते. थोडे थोडे, सकाळी लवकर, आणि पसरट भांड्यात कालवावे. दोन्ही भाग वजनाने मोजून घ्यावेत. अंदाज चालत नाही.

यानंतरचे काम घासण्याचे, आणि त्यासाठी गोल फिरणारा सँडर. माझ्या सर्व यंत्रांत मला हा अधिक प्रिय आहे. कारण तो कोणाचे बोट कापीत नाही, आणि पॉलिश पेपरने हाताने घासण्याइतके कंटाळवाणे काम सुतारकामात दुसरे नाही. पण तो निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नये. लाकडाची बारीक धूळ माणसाला कर्करोग करू शकते, विशेषतः नाकाचा, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ सालीच निश्चितपणे सांगितले आहे. आबांच्या काळी रंध्याची सालपटे पडत, ती पायाखाली येत. सँडरचा भुसा छातीत जातो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. नाकाला घट्ट बसणारा मास्क हवा. कानांचेही तेच, विजेच्या रंध्याजवळ दिवसभर उभा राहणारा माणूस पन्नाशीला बहिरा होतो, आणि घरच्यांना वाटते तो मुद्दाम ऐकत नाही.

विजेच्या रंध्याविषयी माझे मत मिश्र आहे. सागाची काठपट्टी जाडीला उतरविण्यास तो फार उपयोगी. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक घेऊ नये, आणि जुन्या लाकडातला खिळा आधी शोधावा. परंतु तळ आणि बाजू यांच्या सांध्याचा तिरकस उतार साधताना मी दोनदा अधिक छिलून बसलो. अखेर माळ्यावरचे गोणपाट खाली आणले. आबांच्या रंध्याचे पाते गंजले होते. दगडावर दोन संध्याकाळी घासल्यावर त्याला धार आली. मग एक डोळा मिटून रेषा पाहायची, एक हात मारायचा, पुन्हा पाहायची, तळहात फिरवून कुठे उंचवटा लागतो ते चाचपायचे. पुतण्याने हे पूर्वी केलेले नव्हते. त्याच्या कामात सगळे काटकोनात असते. तो बराच वेळ हात फिरवीत राहिला आणि म्हणाला, "काका, डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं." माझ्या नऊ बोटांना जे लागत होते ते त्याच्या दहा बोटांना अधिक चांगले लागले असणार.

काठ गोल करण्यासाठी ट्रिमर वापरला. त्याची दिशा महत्त्वाची: फळीच्या बाहेरच्या काठाने तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा, म्हणजे पाते लाकडाला सामोरे जाते, सुलट फिरविला तर हातातून पळतो. याखेरीज अंगणात काम करताना एक गोष्ट विसरू नये. जमीन ओली असते. तीन पिनांची, अर्थिंग असलेली जोडणी आणि गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्यावा. ज्या यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला अर्थिंगची तार लागत नाही, दोन पिना पुरतात. त्यात बिघाड नाही.

हत्यारे कोणत्या क्रमाने घ्यावीत असे मला तरुण विचारतात. आधी ड्रिल, मग जिगसॉ, मग सँडर, आणि पोटापाण्याचा धंदा असेल तर झाकणाची गोल करवत. एकच यंत्र पाच कामे करते असे सांगून जे विकतात ते घेऊ नये. ते पाचही कामे अर्धवट करते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील अठरा व्यवसायांत सुतार आहेत, तसेच होडी बांधणारेही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पुढे पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. आपली जयंती माघ शुद्ध त्रयोदशीची, ती सप्टेंबरात कशी आली असा वाद येथे कोणी घालू नये. व्हाउचर मिळाले तर त्यातून गार्ड असलेली करवत घ्यावी.

परंतु एकट्याने घेता येणार नाही असे एक यंत्र आहे, आणि त्यासाठीच मी आज मुख्यतः उभा राहिलो आहे. टेबलावरची चांगली गोल करवत, जिच्या पात्यामागे पोलादाची पातळ पट्टी असते. ती पट्टी कापलेली फट मिटू देत नाही, त्यामुळे लाकूड उसळत नाही. अमेरिकेत २००४ पासून अशीही करवत विकली जाते की जिच्या पात्याला माणसाची कातडी लागताच ते काही सहस्रांश सेकंदांत थांबते. ती आपल्या ऐपतीबाहेरची आहे, ते सोडा. पण पोलादी पट्टीची करवत ही चैन नव्हे. आपल्या सभागृहामागे पत्र्याची शेड आहे, जीत मोडक्या खुर्च्या व लग्नाची भांडी ठेवलेली असतात. ती रिकामी करून तेथे अशी एक करवत, भुसा ओढणारे यंत्र आणि मजबूत टेबल ठेवावे, आणि आपल्या मुलांनी तक्ते तेथे मापाने कापून न्यावेत, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. ठेकेदार फुटावर पैसे देतो हे मी बदलू शकत नाही. परंतु तक्ते शेडमध्ये भराभर व सरळ कापले गेले तर इमारतीच्या आठव्या मजल्यावर दोन खुर्च्यांत तक्ता टेकविण्याची पाळी कमी येईल, एवढे तरी होईल. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात दरवर्षी जो खर्च होतो, त्यातला काही भाग इकडे वळवावा. मी स्वतः शिक्षक असून हे म्हणतो आहे, याची नोंद घ्यावी. माझ्या निवृत्तिवेतनातून ११,००० रुपये मी आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे.

होडी २०२२ च्या मे अखेरीस, पाऊस येण्यापूर्वी, काळू नदीच्या डोहात सोडली. भाऊ, पुतण्या आणि मी असे तिघे बसलो. तिला दोघांचेच माप होते, म्हणून पाणी काठाच्या बरेच जवळ आले. मागल्या डाव्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी आत येऊ लागले. मी पुतण्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले. तो कोपरा आम्ही दोघांनीही दुसऱ्याने घासला असेल असे समजून सोडून दिला होता. तो नंतर दुरुस्त केला. सध्या होडी टिटवाळ्यास अंगणात विटांवर पालथी ठेवलेली आहे. ज्यांना ती पाहावयाची असेल, किंवा रंध्याच्या पात्याला धार कशी लावावी हे पाहावयाचे असेल, त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी यावे. सँडर चालवून पाहावयाचा असल्यास मास्क आपापला आणावा. आमच्याकडे दोनच आहेत.